पंप नंबर दोनची चांदणी

९ जानेवारी

प्रिय वहिनी,

सोबतची पिशवी लगेच उघडू नकोस. आधी पत्र वाच, मग जुनं वर्तमानपत्र अंथर आणि मगच उघड. आत काळे तुकडे आहेत आणि काजळीसारखी भुकटी. कपड्यांना लागली तर निघत नाही, हे मी दोन चांगले शर्ट घालवून शिकले आहे.

हे तुकडे तुमच्याच कारखान्यातल्या रबरी चांदणीचे आहेत. तू तिला आजवर पॅकिंगच्या टेबलावरच पाहिलंस. तिथून निघाल्यावर ती कुठे नांदते हे दादाने तुला कधी सांगितलं असेल असं वाटत नाही. त्याला वाटायचं, सगळ्यांना सगळं माहीतच असतं. म्हणून मी सांगते. आमच्या कागद कारखान्यात वाफेचं झालेलं गरम पाणी परत बॉयलरकडे ढकलणारे दोन पंप आहेत. पंप एकीकडे, त्याला फिरवणारी मोटर दुसरीकडे. दोघांचे दांडे समोरासमोर येतात, पण थेट जोडता येत नाहीत. दोन दांडे अगदी एका रेषेत राहणं अशक्य असतं, आणि घट्ट जोडले तर एकमेकांची बेअरिंगं खातात. म्हणून मध्ये कपलिंग लागतं. दोन्ही दांड्यांवर एकेक लोखंडी पंजा बसवतात. दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवावीत तसे ते पंजे बसतात आणि बोटांच्या फटींत तुमची चांदणी. मोटर चांदणीला ढकलते, चांदणी पंपाला. थोडं वाकडंतिकडं असलं तर ती सोसून घेते.

पंप नंबर एकची चांदणी आम्ही बसवली आणि विसरून गेलो, इतकी बरी आहे. नंबर दोनची मात्र सारखी जाते. ही तिसरी. दोन्ही पंप सारखे, मोटरी सारख्या, चांदण्या एकाच खोक्यातल्या. मग हिलाच काय झालं?

इथे कोणी काही बोललेलं नाही. मला नुसतंच कुतूहल आहे. प्रेसवाल्या काकांना तुकडे दाखव आणि काय वाटतं ते खरंखरं कळव. फोन करू नकोस. ऑफिसातला फोन खरेदी विभागाच्या टेबलावर आहे आणि तिथल्या माणसाचे कान फार लांब आहेत.

दादा जाऊन वर्ष होत आलं. तू जेवतेस ना नीट?

तुझी,
किल्ली

•

१७ जानेवारी

प्रिय किल्ली,

जेवते. तू विचारलंस म्हणून त्या दिवशी दोनदा जेवले.

तुझी पिशवी उघडली. काका आणि मी दोघंही तिच्याभोवती असे बसलो होतो की बाहेरून कोणाला वाटावं, पत्ते खेळतोय. तुकडे बाहेरून खडबडीत, कडांना कुरतडल्यासारखे. काका म्हणाले, "तेल लागलेलं नाही. तेल लागलं असतं तर फुगली असती." मग म्हणाले, "एकदम जोर येऊनही तुटलेली नाही. तशी तुटली की एखाददुसरी पाकळी उडते, बाकीच्या शाबूत राहतात. हिच्या सगळ्याच पाकळ्या सारख्या गेल्यात." मला हे ऐकायला फार मजा वाटली. इतकी वर्षं मी या चांदण्या खोक्यात मोजून भरत होते. त्या तुटतातही वेगवेगळ्या तऱ्हांनी, आणि त्या तऱ्हा वाचता येतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

मी विचारलं, "आतून कशी असेल?" काका म्हणाले, "आतून कशाला बघायची?" मी म्हटलं, "बघूया तरी." शिवणाच्या पेटीतलं ब्लेड आणलं आणि त्यातल्या त्यात मोठी पाकळी मधोमध कापली. आत पावासारखी जाळी. बाहेरून घट्ट आणि मधोमध बारीक बारीक भोकं, शिवाय करपल्याचा वास.

काका चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "वहिनी, असं दोन कारणांनी होतं. एक म्हणजे नंतर कधीतरी ती आतल्या आत तापली. दुसरं म्हणजे प्रेसच्या गरम साच्यातून काढतानाच पोटात कच्ची होती." दुसरं कारण खरं असेल तर चूक आमची. तो माल तुझा दादा गेल्यानंतरचा, म्हणजे माझ्या हाताखालचा.

तेव्हा असं कर. त्याच खोक्यातल्या, कधीच न वापरलेल्या एकदोन चांदण्या पाठव. त्याही कापून बघते. कच्च्या निघाल्या तर तसं लिहीन, पांघरूण घालणार नाही.

आणि तुझ्या "नुसत्या कुतूहला"बद्दल. तू शाळेत असताना रेडिओ खोलून ठेवला होतास तेव्हाही असंच म्हणाली होतीस, आणि खरं कारण वेगळंच निघालं होतं. तिथे कोण काय बोललंय?

पत्र दोन बैठकांत लिहिते आहे, कारण मधेच एक गृहस्थ आले होते. नीटनेटके, मऊ बोलणारे. मागच्या आठवड्यातही येऊन गेले. चहा करावा लागला.

तुझी,
वहिनी

•

२८ जानेवारी

प्रिय वहिनी,

स्टोअरमधून दोन नव्या चांदण्या पाठवते आहे. स्टोअरकीपरने विचारलं, "नव्या कशाला कापायच्या?" मी म्हटलं, "जुनीची जात बघायला." त्याला काही कळलं नाही, पण सही मिळाली.

पकडलंस मला. आमचे साहेब, म्हणजे सगळ्या यंत्रांच्या देखभालीचे प्रमुख, त्यांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, "मालक गेले आणि माल घसरला. दुसरा बघा." माणूस वाईट नाही. नंबर दोन बंद पडला की अख्खं कागदाचं मशीन अडतं आणि वरून त्यांना फोन येतात. मी म्हटलं, एक नंबरला तोच माल चालतोय की. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचं घरचं नातं आहे, तुम्ही यात न बोललेलं बरं." तू माझी वहिनी हे मी नोकरीला लागतानाच सांगितलं होतं. लपवलं असतं तर आज निदान बोलता तरी आलं असतं.

म्हणून मोजायला घेतलं. दोन दांडे एका रेषेत आहेत का, ते डायल लावून बघतात. घड्याळासारखी तबकडी असते, काटा जरा हलला की कळतं. आमचा फिटर या कामात उस्ताद आहे. मी म्हटलं, पुन्हा मोजूया. तो म्हणाला, "तुम्ही मोजा, मी बघतो." मोजलं. काटा हलला तो हिशोबाने ठरवलेल्याइतकाच. तो नुसता हसला.

तू विचारशील, गरम पाण्याचा पंप तापून वर उचलला जात नसेल का? जातो. तेवढं आम्ही आधीच धरतो. थंड असताना पंप मुद्दाम थोडा खाली ठेवतो, म्हणजे तापल्यावर बरोबर रेषेत येतो. तेही बघितलं, ठीक आहे. आता माझं डोकं चालेना.

एक विचारू? ते गृहस्थ कोण? वहिनी, तू परत संसाराचा विचार करत असशील तर माझ्यापासून लपवायचं काही कारण नाही. दादाची बहीण आहे म्हणून वाईट वाटून घेईन असं मनात आणू नकोस. मी सगळ्यांत पुढे उभी राहीन. फक्त तो माणूस मला आधी दाखव.

तुझी,
किल्ली

•

६ फेब्रुवारी

प्रिय किल्ली,

तुझ्या पत्राचा शेवट मी काकांना वाचून दाखवला. ते खुर्चीवरून उठून बाहेर गेले आणि पाणी पिऊन आले. अगं, ते गृहस्थ साठीच्या पुढचे आहेत, त्यांना तीन नातवंडं आहेत, आणि त्यांचा डोळा माझ्यावर नाही, तुझ्या दादाच्या दोन प्रेसवर आहे. कारखाना विकत घ्यायचा म्हणतात. मी अजून काही ठरवलेलं नाही. झालं समाधान?

आता कामाचं. दोन्ही नव्या चांदण्या कापल्या. मी कापल्या, कारण काका ब्लेड हातात घेईनात. आत भरीव, गुळगुळीत. एक टाचणी जाईल एवढंसुद्धा भोक नाही. सगळ्या पाकळ्या एकेक करून कापल्या, मग दुसरीच्याही. सगळ्या तशाच. काकांनी कडकपणा मोजायचं घड्याळ टेकवून पाहिलं, बाहेर आणि मध्ये आकडा एकच. माल कच्चा नाही. हे लिहिताना मला बरं वाटतंय आणि आपल्याला इतकं बरं का वाटावं याची थोडी लाजही वाटते आहे.

म्हणजे ती नंतर तापली. पण रबर आतून कसं तापेल? बाहेरची उष्णता लागली तर आधी बाहेरून करपायला हवी. हा प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी चांदणीचा एक तुकडा शेगड्यात धरला, म्हणजे तो टेबलाला बसवलेला लोखंडी चिमटा, आणि दांडा पुढे-मागे करत दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. आळीपाळीने केलं, मी, काका, मग पॅकिंगच्या दोघी. सगळ्यांचे दंड भरून आले. मग तुकडा काढून पटकन चिरला आणि मधोमध बोट लावलं. कोमट होता. बाहेरून गार आणि पोटात कोमट. सगळ्यांनी रांगेने येऊन बोट लावून बघितलं.

म्हणजे माझ्या मते असं. तुमचे दांडे रेषेत असतील तर चांदणी एकदा दबते आणि तशीच राहते. रेषेत नसतील तर प्रत्येक फेरीला प्रत्येक पाकळी दबते आणि सुटते. मिनिटात किती फेऱ्या होतात ते तुला ठाऊक. आम्ही हाताने एवढं कोमट केलं, तर मोटर किती करत असेल.

तुमचा काटा सगळं ठीक म्हणतो. पण ही रबराची पोरगी सांगते आहे की तिला कोणीतरी सारखं पिळतंय. दोघांपैकी मी तिच्यावर विश्वास ठेवते.

तुझी,
वहिनी

•

१५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र खिशात घालून मी पंपघरात गेले.

आम्ही मोजतो ते पंप थंड असताना. तापल्यावर तो किती उचलला जाईल हे आम्ही हिशोबाने धरतो, प्रत्यक्ष कोणी बघत नाही. बंद केल्यावर तो बघता बघता निवतो आणि सगळं पूर्ववत होतं. मी फिटरला म्हटलं, "गरम असतानाच मोजूया. बंद केला की लगेच." तो म्हणाला, "हात भाजतील." मी म्हटलं, "हातमोजे घालू." तो म्हणाला, "हातमोजे घालून डायल लावता येत नाही." शेवटी ठरलं की डायलची पकड आधीच तयार ठेवायची. पंप थांबवला, स्विचला कुलूप घातलं, कपलिंगवरची जाळी काढली आणि दोघांनी मिळून डायल चढवला. बोटं थोडी पोळली, पण मोजलं.

उंचीला बरोबर होतं. हिशोबाने जेवढा उचलायला हवा तेवढाच उचललेला. फिटर म्हणाला, "बघा." मग आम्ही डायल बाजूने फिरवला आणि काटा असा धावला की मला वाटलं पकड सुटली. पुन्हा लावला. तेच. पंप वर नाही, बाजूला सरकलेला होता. आणि चांगलाच. बघता बघता काटा हळूहळू परत यायला लागला. पंप निवत होता आणि आपल्या जागी परत येत होता, एखाद्याने खोडी काढून साळसूदपणे जागेवर येऊन बसावं तसा.

फिटरने डायल उतरवून पुसला. मग म्हणाला, "इतकी वर्षं मी याला गार असताना विचारत होतो."

दुसऱ्या दिवशी नंबर एकवर तेच केलं. तो बाजूला तसूभरही सरकत नाही.

लोखंडाचा एवढा जड पंप आपण होऊन बाजूला जात नाही. त्याला कोणीतरी ढकलतं. त्याला बाजूने येऊन मिळणारी एकच गोष्ट आहे, गरम पाण्याचा पाइप. गरम झाला की पाइप लांबतो. पण मग नंबर एकचा का ढकलत नाही? उद्या पाइपाचा माग काढते. कळलं की लगेच लिहिते.

तुझी,
किल्ली

•

१० मार्च

आदरणीय वन्संबाई यांस,

आपण "लगेच लिहिते" असं लिहिल्यास आता बराच काळ झाला. आपण कामात असाल. मध्यंतरी आपल्या कारखान्याच्या खरेदी विभागाचं पत्र आलं. आमच्याकडून चांदण्या घेणं त्यांनी बंद केलं आहे. कारण दिलं आहे "दर्जा". एकच शब्द.

आपल्याला हे ठाऊक असणारच. फोन त्याच टेबलावर असतो असं आपणच कळवलं होतं. पाइपाचं पुढे काय झालं ते आपल्याला सापडलं नसेल, किंवा सापडून सांगण्याजोगं नसेल. आपली नोकरी तिथे आहे, हे मी समजू शकते.

एक गोष्ट मी आपल्याला सांगितली नव्हती. त्या गृहस्थांना मी शब्द दिला आहे की महिनाअखेर काय ते सांगेन. तुमच्या ऑर्डरवर एक प्रेस चालते. ती गेली तर दोन माणसांना घरी बसवावं लागेल, आणि ते माझ्याने होणार नाही. कारखाना त्यांना दिला तर ते माणसांना तरी ठेवून घेतील. काकांना अजून सांगितलेलं नाही. ते रोज प्रेस पुसून ठेवतात.

आपली,
वहिनी

•

१६ मार्च

वहिनी,

"आपण" वाचलं आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. लग्न होऊन तू घरी आलीस त्या पहिल्या आठवड्यानंतर तू मला आपण म्हणाली नव्हतीस. सगळं सांगते, मग हवं ते म्हण.

पाइपाचं मला दुसऱ्याच दिवशी सापडलं होतं. पाइप येताना एका लोखंडी टेकूवर टेकतो. टेकूवर तो नुसता ठेवलेला असायला हवा, म्हणजे तापून लांबला की त्यावरून सरकतो. नंबर एकचा तसाच आहे. नंबर दोनचा टेकूला वेल्डिंगने जाम केला होता. मागे सरकायला जागा नाही म्हटल्यावर पाइप सगळा जोर पुढे पंपावर काढतो. तापला की ढकलतो, निवला की सोडतो. म्हणून गार असताना आम्हाला काही दिसत नव्हतं.

टेकूला लागूनच पत्र्याची केबिन आहे. तिथे पंपघराच्या बाई बसतात. पाळीभर दोन्ही पंपांवर नजर ठेवायची, फोन घ्यायचा, वेळेवर झडपा फिरवायच्या. मी वेल्डिंगवर हात ठेवून विचारलं, "हे कधी झालं?" बाई म्हणाल्या, "मीच करून घेतलं, गेल्या वर्षी. पाइप त्याच्यावर इतका खडखडायचा की अख्खी केबिन वाजायची. घरी गेले तरी कानात तेच. मुलगी काय बोलते ते कळायचं नाही. वेल्डरला म्हटलं, एवढं बंद कर रे बाबा. त्याने जेवणाच्या सुट्टीत करून दिलं." आणि मग विचारलं, "का, काही चुकलं?"

मी म्हटलं, "नाही, सहज विचारलं." आणि तिथून पळाले.

वेल्डर कंत्राटी आहे. परवानगीशिवाय पाइपाला हात लावला तर असल्या माणसाला गेटवरून परत पाठवतात, तसा नियम आहे आणि तो पाळला जातो. सांगावं तर त्याचं काम जातं आणि बाईंच्या मागे चौकशी लागते. न सांगावं तर तू. मी रोज सकाळी ठरवायचे आणि संध्याकाळपर्यंत बदलायचे. फिटरला म्हटलं, गुपचूप कापून टाकू. तो म्हणाला, "कापतो. पण मग रबर वाईट होतं हेच कायम राहील." तुला लिहायला बसायचे तर काय लिहू ते सुचेना. त्या सगळ्यात खरेदीचं पत्र निघून गेलं. ते मला माहीत नव्हतं, पण माहीत असायला हवं होतं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी केबिनमध्ये जाऊन बाईंना सगळं सांगितलं. चांदणी, तू, काका, महिनाअखेर. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या कानाला आराम पडला तो त्या बाईंच्या पोटावर पाय देऊन." मी म्हटलं, तुम्हाला काय ठाऊक. त्या उठल्या, वहीत पंपाच्या नोंदी केल्या, मला म्हणाल्या, "बसा इथे, लक्ष ठेवा," आणि थेट साहेबांकडे गेल्या.

साहेब त्यांच्याबरोबरच पंपघरात आले. मी त्यांना गरम असताना डायल लावून दाखवला. काटा धावला तसे ते खाली वाकले आणि वाकूनच राहिले. मग म्हणाले, "कापा." वेल्डरलाच बोलावलं. वेल्डिंग कापलं, पंप सुरू केला, तापू दिला, पुन्हा थांबवून मोजला. पंप जागच्या जागी. पण पुन्हा सुरू केल्यावर ती खडखड सुरू झाली. साहेब केबिनमध्ये जाऊन बसले. दार लावून घेतलं. फोन उचलून कोणाशी तरी बोलायचा प्रयत्न केला, मग ठेवून दिला. बराच वेळ बसले.

बाहेर येऊन म्हणाले, "तक्रार करायची होती."

बाई म्हणाल्या, "केली होती. तुमच्याकडेच."

साहेबांनी केबिनकडे पाहिलं. म्हणाले, "हो. कानात कापूस घाला म्हणालो होतो मी."

वेल्डरला ताकीद मिळाली, घरी नाही पाठवलं. टेकू नीट बनवायचं काम त्यालाच दिलं आहे. आणि रबराचा दोष नव्हता हे साहेबांनी स्वतःच्या सहीने लिहून दिलंय. त्याची प्रत सोबत आहे.

ऑर्डरचं मात्र जमलं नाही. खरेदीने वर्षभरासाठी दुसऱ्याशी करार करून टाकला आहे. तो मोडता येत नाही म्हणतात. मी भांडले, साहेबही बोलले. नाही जमलं.

आता म्हण काय म्हणायचं ते.

किल्ली

•

२१ मार्च

प्रिय किल्ली,

"आपण" मागे घेतलं. पण तू चुकलीस. पत्रात नुसतं "अडचण आहे, थांब" एवढं लिहिलं असतंस तरी मी थांबले असते. आता पुरे.

साहेबांचा कागद काकांना दिला. त्यांनी तो वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला.

पण त्या बाईंच्या विचाराने मला काही सुचेना. वेल्डिंग कापलं, चांदणी वाचली, आणि त्या परत त्या खडखडाटात बसल्या. हे काही बरोबर नाही. मग मला प्रश्न पडला, पाइप टेकूवर खडखडतो ते ठीक, पण केबिन का वाजते? टेकू केबिनच्या पत्र्याला बोल्टने धरलेला आहे का? असेल तर वाजतं ते टेकूचं नाही, पत्र्याचं. ढोलाचं कातडं जसं. आणि पत्रा गरम पाइपापासून लांब आहे, तिथे रबर टिकेल.

सोबत तीन जोड्या पाठवते आहे. बोल्टच्या भोकाच्या चकत्या, टेकू आणि पत्रा यांच्यामध्ये घालायला. जुन्या साच्यातच केल्या, फक्त रबर वेगवेगळं. एक खाच म्हणजे मऊ, दोन खाचा म्हणजे मध्यम, तीन म्हणजे कडक. कुठली चांगली ते मला ठाऊक नाही, काकांनाही नाही. तू ठरवू नकोस. साहेबांनाही ठरवू देऊ नकोस. त्या बाई तिथे बसतात, त्यांनाच निवडू दे. आणि प्रत्येकीचा आवाज कसा येतो ते मला नीट लिही. मऊ घातल्यावर नेमकं काय होतं ते मला फार जाणून घ्यायचंय.

गृहस्थ एकतीसला येतील.

वहिनी

•

२९ मार्च

प्रिय वहिनी,

घाईत लिहिते, म्हणजे वेळेत पोचेल.

टेकू पत्र्यालाच बोल्ट केलेला होता. कसं ओळखलंस?

मऊ चकत्या घातल्या. खडखड पार गेली, पण टेकू डुलायला लागला. बाई म्हणाल्या, "बोटीत बसल्यासारखं वाटतंय, नको." कडक घातल्या तर खडखड जाऊन गुणगुण आली, माशी कानाशी असावी तशी. दोन खाचांच्या घातल्या आणि बाई काही बोलेचनात. मी विचारलं, "कसं?" त्यांनी हाताने गप्प राहायची खूण केली. पंप ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "नंबर एकच्या बेअरिंगमधून घासल्यासारखं येतंय. हे कधीपासून येत असेल?" फिटर गेला आणि बघून आला. खरंच येत होतं. वेळीच कळलं.

नंबर दोनमध्ये तुझ्याच खोक्यातली शेवटची चांदणी बसवली आहे. आज जाळी काढून खाली बोट फिरवलं. भुकटी नाही. बोट साहेबांना दाखवलं, त्यांनीही आपलं फिरवून बघितलं.

एकतीसला काय सांगशील ते मी विचारत नाही. जे सांगशील त्यात मी आहे. फक्त माणसांच्या काळजीने विकणार असशील तर एकदा त्या माणसांना विचार.

तुझी,
किल्ली

•

२ एप्रिल

प्रिय किल्ली,

तुझं पत्र तीसला पोचलं. मी सगळ्यांना पॅकिंगच्या टेबलाभोवती बोलावलं आणि होतं तसं सांगितलं. ऑर्डर गेली, विकत घेणारे उद्या येणार, तुम्हाला ठेवून घेतील असं म्हणतात. पॅकिंगच्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. एक म्हणाली, "तिथे आम्हाला चिरून बघू देतील का?" मला आधी कळेना काय चिरून. मग सगळेच हसले. काका हसले नाहीत. ते म्हणाले, "काही महिने अर्ध्या पगारावर काढू. त्याहून जास्त जमणार नाही, ते आत्ताच सांगतो."

गृहस्थ आले. मी त्यांना साहेबांचा कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला.

"पण ऑर्डर तर परत आली नाही ना?"

"नाही."

"मग या कागदाचा उपयोग काय?"

"माल चांगला होता, हे त्यातून कळतं."

"अहो, पण तुम्हीच म्हणाला होतात, मला रबरातलं काही कळत नाही."

"तेव्हा नव्हतं कळत."

ते चांगले आहेत गं, रागावले नाहीत. म्हणाले, माझ्याकडे येऊन तपासणीचं काम बघा, पगार देईन, डोक्याला ताप नाही. मी खरंच विचार केला. त्यांच्यासमोर बसून, त्यांचा चहा गार होईपर्यंत केला. मला भीती वाटते आहे, हे तुझ्यापासून लपवणार नाही. पण त्यांच्याकडे तपासायचा तो त्यांचा माल, त्यांनी ठरवलेल्या रीतीने. आणि मला तर आता दुसऱ्यांचा तुटलेला माल बघायचा आहे. कुठे, कशाने, कोणाच्या शेजारी बसून तुटला ते. सगळे जण चांगलं रबर विकतात. ते का मेलं हे सांगणारं या बाजूला कोणी नाही, मी चौकशी केली. मी त्यांना हे सांगितलं, आणि कारखाना विकत नाही म्हणाले. ते म्हणाले, "असा धंदा मी ऐकलेला नाही." मी म्हटलं, मीही नाही.

उठताना त्यांनी खिशातून रुमालात बांधलेलं काहीतरी काढलं. त्यांच्या माल ढवळायच्या मिक्सरच्या कपलिंगची चांदणी होती, दोन तुकडे झालेली. म्हणाले, "ही सारखी जाते. बघता का?" मी बघितली. एकच पाकळी उडालेली, बाकीच्या शाबूत. आत अजून कापायची आहे, पण मला वाटतं त्यांचा माणूस मिक्सर भरलेला असतानाच एकदम चालू करतो. त्यांना म्हटलं, पुढच्या आठवड्यात मी येऊन उभी राहून बघेन. ते बरं म्हणाले.

ते गेल्यावर मी दारातच उभी होते. काकांनी आतून विचारलं, "उद्या कुठला साचा लावायचा?"

मी सांगितलं.

तुझी,
वहिनी